येतो म्हणून गेलेले मास्तर

मास्तर निघताना 'जातो' असं आयुष्यात एकदाच म्हणाले होते. आठवीत. त्या दिवशी सायकल नाल्यात गेली, चष्मा सायकलीखाली गेला, आणि ज्यासाठी एवढी धडपड चालली होती तो भूमितीचा पेपर आदल्या दिवशीच होऊन गेलेला होता. आईनं नाल्यातून काढलेल्या मुलाला आधी एक ठेवून दिली आणि मग सांगितलं, "जातो म्हणू नये. जातो म्हणणारा जातो. येतो म्हणावं." तेव्हापासून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मास्तर कुठूनही निघताना 'येतो' म्हणत आले. दुधाच्या दुकानातून, दवाखान्यातून, एवढंच काय, एकदा स्मशानातून निघतानाही ते सवयीनं 'येतो' म्हणाले होते आणि खांदा दिलेल्या चौघांनी त्यांच्याकडं वळून पाहिलं होतं.

असे हे मास्तर उन्हाळ्यात सहा आठवड्यांसाठी परदेशी विद्यार्थी झाले. कसे झाले ते फार विचारू नका. शाळेकडं एक पत्र आलं, पत्राला मुदत होती, आणि मुदतीच्या दिवशी पन्नाशीच्या आतला भाषेचा शिक्षक शाळेत एकच हजर होता. बाकीचे लग्नाला गेले होते. बावीस वर्षं मराठी व्याकरण शिकवणारा, पोरांच्या वह्या लाल शाईनं रंगवणारा हा माणूस आता दुसऱ्याच्या देशात जाऊन दुसऱ्याची भाषा शिकणार होता. अभ्यासक्रमाचं नाव होतं 'परकी भाषा आणि दैनंदिन जीवन'. ते वाचून बायको म्हणाली, "अहो, दैनंदिन जीवनात तुम्ही इथंच नापास आहात. त्यासाठी विमानात बसायची काय गरज?"

शेजारच्या काकांचं मत वेगळं होतं. काकांचा परदेशाशी संबंध इतकाच, की साडूच्या मेव्हण्याचा पासपोर्ट त्यांनी एकदा हातात धरून पाहिला होता. तेवढ्या अधिकारावर त्यांनी लागोपाठ तीन संध्याकाळी मास्तरांना सल्ले दिले, आणि मास्तर निघायच्या दिवशी एक कापडी फलकच लिहून आणला. 'परदेशी भाषेचे प्रमाणपत्र मिळवून आलेले आमचे मास्तर यांचे हार्दिक अभिनंदन.'

"काका, अजून मी गेलो पण नाही," मास्तर म्हणाले.

"रंगारी परवा गावी चाललाय. नंतर कोण लिहिणार? तुम्ही फक्त प्रमाणपत्र आणा. बाकी सगळं मी बघतो."

फलकाला घडी घालून काकांनी तो आपल्या कपाटात ठेवला आणि अख्ख्या इमारतीला सांगून टाकलं. म्हणजे मास्तरांना आता पास होण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. नापास पोरांच्या पालकांना बावीस वर्षं जे ऐकवलं, ते जिन्यात उभं राहून ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

तिकडं पोचल्यावर मास्तरांच्या हातात एक पिवळी वही आली. वर्ग रोज दुपारी एकपर्यंत, शेवटी परीक्षा, ते सगळं ठीक. पण प्रमाणपत्र मिळायचं तर या पिवळ्या वहीत चार स्थानिक माणसांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं होतं, 'या विद्यार्थ्याशी माझे संभाषण पूर्ण झाले', आणि खाली सही. घरमालकीण, न्हावी, लाँड्रीवाला आणि परदेशी लोकांच्या नोंदणी कचेरीतला कारकून. मास्तर गालातल्या गालात हसले. खडूची एक पेटी मिळवायला अकरा सह्या गोळा करणारा माणूस हा. चार सह्या म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ.

मालकीणबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. साठी उलटलेली, चाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका, त्यामुळं समोरचा जे बोलेल ते शब्दशः पाळायची सवय. मास्तरांना मिळालेली खोली अरुंद होती. खोलीचं दार लावल्याशिवाय कपाटाचं दार उघडत नसे, आणि टेबलाच्या आखूड पायाखाली घडी घातलेला नकाशा होता. भूगोलाच्या मास्तरांना हे कळता कामा नये, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं.

पहिल्या दिवशी सकाळी मास्तरांनी शब्दकोश उघडून वाक्य तयार केलं. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. दारात उभं राहून, किंचित मान झुकवून ते तिकडच्या भाषेत म्हणाले, "मी येतो." आणि जिना उतरून गेले.

मालकीणबाई बघतच राहिल्या. माणूस समोर उभा होता, म्हणजे आलेलाच होता. तो येतो म्हणाला आणि गेला. तिकडच्या भाषेत 'येतो' म्हणजे येतो. आत्ता, लगेच, जागचे हलू नका. त्यांनी दार उघडं धरून वीस मिनिटं वाट पाहिली. मग आतून खुर्ची आणली. मग विणकाम आणलं. दुपारी दीड वाजता मास्तर परत आले तेव्हा बाई उघड्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या, आणि टेबलावर दोन ताटं झाकून ठेवलेली.

"तुम्ही जेवला नाहीत?" मास्तरांनी हातवाऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही येतो म्हणाला होतात," बाई म्हणाल्या.

मास्तरांचा ऊर भरून आला. 'इथली माणसं पाहुण्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत,' असं त्यांनी बायकोला कळवलं. बायकोनं उलट कळवलं, 'मी चोवीस वर्षं हेच करते आहे. तेव्हा कुणी पत्र लिहिलं नाही.'

पुढच्या चार दिवसांत मास्तरांनी उरलेल्या तिघांशी ओळख करून घेतली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या. मास्तर आत गेले, केस कापायला किती वेळ लागतो ते विचारलं, उत्तर अर्धं कळलं, "मी येतो" म्हणाले आणि बाहेर पडले. न्हाव्यानं लगेच एका खुर्चीवरचं गिऱ्हाईक उठवून दुसऱ्या खुर्चीच्या रांगेत बसवलं, पांढरा कपडा झटकला आणि तो हातावर टाकून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानावरून गेले तेव्हा काचेतून हात करून पुन्हा म्हणाले, "येतो!" न्हाव्यानं घाईघाईनं मान हलवली. आठवड्याभरात त्या खुर्चीवर 'राखीव' अशी पाटी लागली आणि रांगेतली माणसं मास्तरांकडं टक लावून बघायला लागली. आपण इथं बऱ्यापैकी ओळखीचे झालो, असं मास्तरांना वाटलं.

लाँड्रीत त्यांनी आपला एकुलता एक चांगला कोट दिला. खिशाजवळ विमानातल्या जेवणाचा डाग होता. लाँड्रीवाल्यानं कोट तीन नंबरच्या यंत्रात टाकला, बटणाकडं बोट नेलं, आणि मास्तर म्हणाले, "मी येतो." लाँड्रीवाल्याचं बोट हवेत थांबलं. अजून कपडे आणायला गेले असणार. यंत्राचं दार उघडं ठेवून तो वाट बघू लागला. मास्तर एक दिवसाआड यायचे, आपला कोट अजून यंत्रातच आहे हे लांबूनच काचेतून बघायचे, आणि इथं कामाचा दर्जा राखतात म्हणून एवढा वेळ लागतो, असं मनाशी म्हणत निघून जायचे.

पण खरा पराक्रम घडला नोंदणी कचेरीत. चार नंबरच्या खिडकीमागच्या कारकुनानं मास्तरांचा अर्ज पाहिला, शिक्का उचलला, आणि एक फोटो कमी आहे असं सांगितलं. "मी येतो," मास्तर म्हणाले आणि फोटो काढायला गेले. फोटोवाला बंद होता. आता त्या कचेरीचा नियम असा, की समोरचा अर्ज निकाली निघाल्याशिवाय खिडकीवर दुसरा अर्ज घ्यायचा नाही, आणि अर्जदार वाटेत असेल तर अर्ज बंद करायचा नाही. कारकुनानं शिक्का खाली ठेवला आणि खिडकीवर पाटी लावली, 'थांबा. अर्जदार येत आहे.'

दोन दिवसांनी मास्तर फोटो घेऊन आले. पाहतात तो चार नंबरला पाटी, आणि पाच नंबरची रांग जिन्यापर्यंत. पाटीचे शब्द त्यांना आता वाचता येत होते, पण त्यातला अर्जदार म्हणजे आपण, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. ते मुकाट्यानं पाच नंबरच्या रांगेच्या शेवटी उभे राहिले. कचेरी बंद व्हायच्या वेळी ते जिन्याच्या सहाव्या पायरीवर होते. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांचा संयम सुटला.

"कोण आहे हा अर्जदार?" ते मोडक्यातोडक्या परक्या भाषेत रांगेला म्हणाले. "काही लाज आहे की नाही माणसाला? एका माणसापायी एवढी माणसं ताटकळत!"

रांगेनं माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. त्या उत्साहात मास्तरांनी एक कागद मागून घेतला, त्या बेजबाबदार अर्जदाराविरुद्ध रीतसर तक्रार लिहिली, खाली सही ठोकली आणि तक्रारपेटीत टाकली. परक्या भाषेत त्यांनी लिहिलेलं ते पहिलंच बिनचूक लिखाण. घरी येताना त्यांची छाती दोन इंच फुगली होती.

इकडं मालकीणबाईंच्या उघड्या दारानं जिन्यात वारा शिरत होता. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांची त्यावर हरकत होती. दुनियेच्या पाठीवर कुठंही जा, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकसारखेच. त्यांनी आधी चिठ्ठी सरकवली, मग इमारतीची बैठक बोलावली. दाराला स्प्रिंग बसवा असं एकानं सुचवलं. दार काढूनच टाका, म्हणजे ते उघडं राहण्याचा प्रश्न येणार नाही, असं दुसऱ्यानं सुचवलं. मालकीणबाई सुया खाली न ठेवता म्हणाल्या, "माणूस येतो म्हणालाय. मी दार लावणार नाही." मास्तर कोपऱ्यात बसून होते. त्यांना वाटलं, बाईंच्या कुणा नातेवाइकाबद्दल चाललंय.

चौथ्या आठवड्यात वर्गात क्रियापदं आली. शिकवणाऱ्या बाई वयानं मास्तरांच्या जुन्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या, आणि बाकीचे विद्यार्थी तर त्यांच्याही निम्म्यानं. बाईंनी मास्तरांना पुढं बोलावलं. "तुम्ही आता या खोलीतून बाहेर जाताय. जाताना काय म्हणाल?"

मास्तर दाराशी गेले, वळले, मान झुकवली. "मी येतो."

वर्ग हसला. बाईंनी फळ्यावर मास्तरांचं वाक्य लिहिलं आणि त्यावर काट मारली. लाल खडूनं. बावीस वर्षं दुसऱ्यांना काट मारणाऱ्या माणसाला ती काट छातीतून आरपार गेल्याचं जाणवलं.

"माझं व्याकरण बरोबर आहे," मास्तर ताठ होऊन म्हणाले. "कर्ता एकवचनी, काळ वर्तमान."

"व्याकरण बरोबरच आहे," बाई म्हणाल्या. "पण येतो म्हटल्यावर तुम्हाला यावं लागतं. समोरचा थांबतो ना. जाताना जातो म्हणायचं."

मास्तर दहा मिनिटं वाद घालत होते. अकराव्या मिनिटाला डोळ्यांपुढं दारातली खुर्ची आली. पांढरा कपडा हातावर घेतलेला न्हावी आला. तीन नंबरचं यंत्र आलं. शेवटी चार नंबरची खिडकी आली, आणि तिच्या मागोमाग तक्रारपेटी. मास्तर जागेवर जाऊन बसले.

दुपारी त्यांनी घरी फोन लावला. सगळं ऐकून बायको आधी पोटभर हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "काही झालं तरी जातो म्हणायचं नाही. सासूबाई वरून बघतायत."

"अगं, पण चार सह्या! जातो म्हटल्याशिवाय संभाषण पूर्ण होत नाही."

"द्या इकडं," मागून काकांचा आवाज आला. काका फोनच्या वासावर येतात. "मास्तर, साधी गोष्ट आहे. निघतो म्हणा. जातो नाही, येतो नाही. निघतो."

ही सूचना मास्तरांना पटली. त्यांनी शब्दकोशात 'निघणे' काढलं आणि पहिलाच अर्थ उचलला. लाँड्रीत जाऊन, डोळे बंद करून, ते म्हणाले, "मी निघतो." तो शब्द तिकडं फक्त डागाला आणि रंगाला वापरतात. लाँड्रीवाल्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि काळजीनं विचारलं, "गरम पाण्यात की गार?"

न्हाव्याकडं त्यांनी 'जाऊन येतो' चालवून पाहिलं. तिकडं ते 'मी जातो मी येतो' असं झालं. न्हाव्यानं अंगावर टाकण्यासाठी कपडा पसरला, मग गोळा केला, मग पुन्हा पसरला. "नक्की काय?" तो म्हणाला. त्याला मागं नुसतं उभं राहून पाठदुखी लागली होती. घरून मास्तर एके दिवशी काहीच न बोलता, चोरपावलांनी निघाले. चाळीस वर्षं रुग्ण सांभाळलेल्या बाईंना खोली रिकामी दिसताच पेशंट पळाल्याची जुनी धडकी भरली. त्यांनी खालच्या गृहस्थांना हाक मारली, सगळा जिना शोधायला बाहेर पडला, आणि बसथांब्यावर उभ्या असलेल्या मास्तरांना ते गृहस्थ घरच्या सपाता घालून दंडाला धरून परत घेऊन आले. अख्ख्या इमारतीसमोर मास्तरांना पुन्हा दारातून पाठवण्यात आलं.

"मी येतो," मास्तर खाल मानेनं म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं.

असं करता करता शेवटचा दिवस उजाडला. परीक्षा कशीबशी पार पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं. पिवळी वही दुपारी चारच्या आत द्यायची होती, आणि वही पांढरीफटक होती. मास्तरांनी आरशात पाहून मनाची तयारी केली. परक्या भाषेत मोठ्यानं 'जातो' म्हणायचं, आणि लगेच तोंडातल्या तोंडात मराठीत 'येतो' पुटपुटायचं. वर बसलेल्या आईला मराठीच कळतं.

आईला बहुधा दोन्ही भाषा कळत होत्या. न्हाव्यानं मास्तरांना खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि पाच आठवड्यांचं सगळं साचलेलं काम त्यांच्या एका डोक्यावर काढलं. कपडा बाजूला झाला तेव्हा मास्तरांच्या डोक्यावर मोजता येतील एवढे केस शिल्लक होते. "मी जातो," मास्तर म्हणाले. सही मिळाली. लाँड्रीवाल्यानं पाच आठवडे हवेत असलेलं बोट अखेर बटणावर टेकवलं. तासाभरानं डाग निघाला, पण कोटाच्या बाह्या कोपरांपर्यंत आल्या. "मी जातो." दुसरी सही.

कचेरीत रांग आता फुटपाथवर आली होती. मास्तर सरळ चार नंबरपाशी गेले आणि खोल श्वास घेऊन म्हणाले, "मी अर्जदार." रांगेतल्या माना वळल्या. पाठीवर थाप मारणारा म्हातारा पुढंच उभा होता. त्यानं मास्तरांना ओळखलं आणि तोंड फिरवलं. ते मास्तरांना केसांपेक्षा जास्त लागलं.

कारकुनानं मात्र उभं राहून स्वागत केलं. "आलात! एक फोटो, आणि एक अडचण. तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. तक्रारदार समाधानी असल्याशिवाय शिक्का मारता येत नाही. तक्रारदाराला बोलवावं लागेल."

"तो मीच," मास्तर म्हणाले.

कारकुनानं दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यानं टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या. मास्तर आधी डावीकडं बसले आणि त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल लेखी माफी मागितली. मग उजवीकडं बसून ती वाचली. एका ठिकाणी अनुस्वाराएवढी चूक होती, ती दुरुस्त करून त्यांनी स्वतःला माफ केलं. तिसरी सही मिळाली. "मी जातो" म्हणून ते वळले आणि त्यांच्या उजव्या बुटाचा तळ सुटला. इतके दिवस निघायचं होतं मास्तरांना, निघाला तो बुटाचा तळ.

तीन वाजले होते. डोकं भादरलेलं, बाह्या कोपरापर्यंत, एक बूट फटफट वाजतोय, अशा अवतारात मास्तर तीन मजले चढले. मालकीणबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मास्तरांनी वही पुढं केली आणि वर्गात शाबासकी मिळेल इतक्या शुद्ध उच्चारात म्हणाले, "उद्या सकाळी मी जातो."

बाईंच्या सुया थांबल्या.

"शिकवलं वाटतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"माझी चूक होती. तुम्हाला सहा आठवडे दारात बसवलं. मला माफ करा. आमच्याकडं निघताना येतो म्हणतात."

"मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. इस्पितळात परक्या भाषेतली माणसं खूप पाहिलीत मी."

"मग दार उघडं ठेवून का बसत होतात?"

बाईंनी लोकरीचा गुंडा उगाचच सारखा केला. "या दारातून नवरा गेला. नंतर मुलगा गेला. दोघंही जातो म्हणाले. दोघांचंही व्याकरण बरोबर होतं."

मास्तरांनी पुढं केलेली वही मागं घेतली.

"तुम्ही रोज चुकीचं बोलायचात," बाई म्हणाल्या, "आणि रोज यायचात. निघताना तुमच्यात बायका काय म्हणतात, ते विचारणार होते."

"येते," मास्तर मराठीत म्हणाले. "बायका येते म्हणतात."

बाईंनी दोनचार वेळा तो शब्द तोंडात घोळवला. मग वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि भराभर लिहून सही केली. सगळा जन्म डॉक्टरांबरोबर काढलेला, त्यामुळं अक्षर वाचायची सोय नव्हती. मास्तर वही घेऊन फटफट करत पळाले.

वर्गातल्या बाईंना ते अक्षर वाचता आलं. तीन सह्यांवर त्यांनी खुणा केल्या आणि चौथ्या पानावर थांबल्या. "हे चालणार नाही. यांनी लिहिलंय, 'संभाषण अपूर्ण. तो येतोय.'" त्यांनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं आहेत. घर जवळच आहे ना? 'अपूर्ण'चं 'पूर्ण' करून आणा. एक अक्षर खोडायचं फक्त. तुम्हाला काही अवघड नाही ते."

मास्तर वही घेऊन फाटकापर्यंत आले. एक अक्षर. हजारो अक्षरं खोडली होती त्यांनी. आणि तिकडं काकांच्या कपाटात घडी घातलेला फलक. खालच्या दुकानदारापासून वरच्या पेन्शनरापर्यंत सगळी इमारत. आणि इकडं, खुर्चीत बसलेल्या बाईंपुढं वही धरून म्हणायचं, 'तेवढं पूर्ण करून द्या.' मास्तर फाटकाशी बराच वेळ उभे होते. एवढा वेळ ते आयुष्यात कुठल्या क्रियापदापाशीही थांबले नव्हते. मग ते वळले आणि वर्गात परत आले.

"राहू दे," ते म्हणाले. "बरोबर लिहिलंय त्यांनी."

प्रमाणपत्राच्या जागी मास्तरांना एक कागद मिळाला. त्यावर नाव होतं, गुण होते आणि आडवा शिक्का होता, 'प्रलंबित'.

काका पार विमानतळावर आले होते. फलक उलगडायच्या आधी त्यांनी कागद मागितला, तो उलटा धरला, सुलटा धरला. "मास्तर, प्रलंबित म्हणजे पास की नापास?"

"म्हणजे येतंय," मास्तर म्हणाले.

काका काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी फलकावरच्या 'आलेले' या शब्दावर कागद चिकटवून 'येणारे' केलं, आणि 'प्रमाणपत्र मिळवून येणारे आमचे मास्तर' महिनाभर इमारतीच्या फाटकावर झळकत राहिले. जिन्यात लोक विचारायचे, "कधी येणार मास्तर?" आणि मास्तर पिशवी घेऊन त्यांच्या समोरच उभे असायचे. केस हळूहळू उगवले. कोट बायकोनं भाच्याला देऊन टाकला.

पहिल्याच रविवारी मालकीणबाईंचा फोन आला. खालच्या गृहस्थांना आता वारा लागत नाही म्हणून करमत नाही, असं त्या म्हणाल्या. न्हाव्याची पाठ बरी आहे म्हणाल्या. बायको भाजी निवडत ऐकत होती. भाषा तिला कळत नव्हती, पण माणूस कळत होतं. शेवटी बाई एकेक अक्षर सांभाळून मराठीत म्हणाल्या, "येते."

फोन बंद झाला. मास्तर वळून पाहतात तो बायकोनं स्टूल ओढून घेतलं होतं आणि ती माळ्यावरून पाहुण्यांची गादी खाली खेचत होती.

"अगं, काय चाललंय?"

"उन्हात टाकते. वास येतोय हिला. त्या येते म्हणाल्या ना?"

"अगं, ते निरोपाचं येते. मीच शिकवलं त्यांना. आपल्यात निघताना म्हणतात तसं."

"आपल्यात," बायको स्टुलावरून म्हणाली. "त्यांच्यात येते म्हणजे येते. तुम्हीच सांगितलंत ना? धरा ते टोक."

मास्तरांनी तोंड उघडलं. बावीस वर्षांचं व्याकरण जिभेवर आलं होतं. ते त्यांनी तिथंच ठेवलं आणि गादीचं टोक धरलं. दोघांनी मिळून गादी गच्चीत नेऊन टाकली. खाली आल्यावर मास्तरांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली, बाहेरचं दार उघडलं, आणि ती उंबऱ्यापाशी ठेवून त्यावर बसले. समोरून काका जिना चढत येत होते.

"कुणाची वाट बघताय मास्तर?"

"येते म्हणाल्यात," मास्तर म्हणाले, आणि वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन तपासायला लागले.